पंखे फिरत होते ना?

पिशवी आधी खाली ठेव. आपटू नकोस, तिच्यात हार्ड डिस्क आहे. आता मान वर कर आणि ऐक.

‘सर, बोर्ड गेलाय.’ खोलीत पाऊल टाकल्या टाकल्या तू हे म्हणालास. कशावरून गेलाय? मीटर लावलंस? दुसरा प्रोसेसर घालून बोर्ड चालवून पाहिलास? नाही. व्हिडिओत कुणीतरी सांगितलं की फॅन फिरतायत आणि डिस्प्ले नाही म्हणजे मदरबोर्ड डेड, आणि तू ते खरं मानलंस. मी विचारलं, नक्की काय होतं? म्हणालास, ‘चालू होत नाही.’ पंखे फिरतात का? ‘हो, फिरतात.’ बोर्डावर कुठला दिवा लागतो? ‘लागतो बहुतेक, लाल.’ बहुतेक! दोन वर्षं हार्डवेअरच्या तासाला पहिल्या बाकावर बसलेला मुलगा स्वतःच्या टेबलावरच्या बोर्डाचा दिवा सांगताना ‘बहुतेक’ म्हणतो, याची मला चीड आली आहे. पैसे गेले त्याचं नंतर बोलू. आधी या ‘बहुतेक’चं बोलू.

‘चालू होत नाही’ ही गिऱ्हाइकाची तक्रार झाली. गिऱ्हाइकाला ती चालते, त्याला आतलं माहीत नसतं. तुला माहीत आहे. पंखे फिरले म्हणजे भिंतीतल्या सॉकेटपासून पंख्याच्या मोटरपर्यंतचा रस्ता शाबूत आहे. बटणाची वायर बरोबर पिनांवर आहे. एसएमपीएस जिवंत आहे, बारा व्होल्ट बोर्डावर पोचले आहेत. यंत्र उठलं, काही पावलं चाललं आणि अडलं. कुठल्या पावलाला अडलं, एवढाच प्रश्न होता, आणि तो तू एकदाही विचारला नाहीस. ‘आता काय बदलू?’ हे मात्र मित्रांना, दुकानदाराला, फोनला, सगळ्यांना विचारलंस.

ती पावलं मी फळ्यावर काढून दिली होती. पुन्हा सांगतो, या वेळी डोकं जागेवर ठेवून ऐक. भिंतीवरचा स्विच चालू केलास की कॅबिनेटचं बटण दाबायच्या आधीच जांभळ्या वायरीवर पाच व्होल्ट उभे राहतात. हा स्टँडबाय. बटण दाबलंस की बोर्ड हिरवी वायर ग्राउंडला ओढतो आणि एसएमपीएस पूर्ण जागा होतो. पंखे इथे फिरायला लागतात, इतक्या लवकर. मग एसएमपीएस स्वतःचे व्होल्टेज स्थिर झालेत याची खात्री करून घेतो आणि शंभर ते पाचशे मिलिसेकंदांत राखाडी वायरीवर ‘पॉवर ओके’चा इशारा देतो. हल्ली पुष्कळ एसएमपीएसच्या सगळ्याच वायरी काळ्या असतात, म्हणून रंगांबरोबर चोवीस पिनांतले क्रमांकही पाठ करायला लावले होते: जांभळी नऊ, हिरवी सोळा, राखाडी आठ. इशारा मिळाला की बोर्ड रिसेट सोडतो. तुझ्या रायझनमध्ये त्यानंतरही मुख्य कोअर लगेच कामाला लागत नाहीत. आत एक छोटा वेगळा प्रोसेसर आहे, तो बायोसच्या चिपमधून आपलं फर्मवेअर वाचतो, रॅम जुळवून घेतो आणि मग मोठ्या कोअरना सोडतो. ते बायोसची पहिली सूचना उचलतात. त्यानंतर तपासणी, मग ग्राफिक कार्ड, आणि सगळ्यात शेवटी डिस्क आणि तुझं विंडोज.

घरातला नळ कोरडा पडला तर तुझी आई नळ बदलायला धावत नाही. शेजारी पाणी आहे का विचारते, मग गच्चीवरची टाकी बघते, मग व्हॉल्व्ह. पाणी कुठवर आलंय ते शोधते. तुला एवढंच करायचं होतं, आणि ते सोपं जावं म्हणून बोर्ड बनवणाऱ्यांनी काठावर चार बारीक दिवे लावून ठेवले आहेत. सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. ज्याची तपासणी चालू असेल तो दिवा लागतो, तपासणी पार पडली की विझतो आणि पुढचा लागतो. जो लागून राहिला तिथे यंत्र अडलं. रंग कंपनीगणिक वेगळे असतात, म्हणून रंग बघून भागत नाही, दिव्याशेजारची अक्षरं वाचावी लागतात.

दाखव तो फोन. हा फोटो तूच काढलास ना, मित्रांना पाठवायला? मोठा कर. अजून मोठा. काय लिहिलंय लाल दिव्याशेजारी? सीपीयू. पहिल्या रात्रीचा फोटो आहे हा. यंत्र कुठे अडलंय हे पहिल्या रात्रीपासून तुझ्या खिशात होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. वळसा तरी केवढा, थेट लॅमिंग्टन रोडपर्यंत, दोनदा.

आता याच फोटोत उजवीकडे बघ. मॉनिटरची एचडीएमआय केबल कुठे लावली आहेस? बोर्डाच्या मागच्या पोर्टात. प्रोसेसर कुठला घेतलास? रायझन ५, ५६००. त्याच्या नावामागे ‘जी’ आहे का? नाही. म्हणजे त्याच्यात ग्राफिक्स नाही. बोर्डावर पोर्ट असलं तरी त्या पोर्टाला चित्र पुरवणारं आत कुणी नाही. ही केबल ग्राफिक कार्डाला लावायची असते. यंत्र धडधाकट असतं तरीही या पोर्टातून तुला काळाच पडदा दिसला असता, आणि तू तेव्हाही म्हणाला असतास, बोर्ड गेलाय. केबल नंतर बदललीस, हे सांगितलंस मला. पण कधी बदललीस ते तुला आठवत नाही. रॅम बदलायच्या आधी की नंतर, तेही आठवत नाही. मग तुझ्या आधीच्या सगळ्या प्रयोगांतून मी काय निष्कर्ष काढायचा? काही नाही. ते प्रयोग वाया गेले.

‘बीपसुद्धा येत नाही,’ असं तू दोनदा ठासून सांगितलंस. आयबीएमनं १९८१ मध्ये पहिला पीसी आणला तेव्हापासून तपासणी नीट झाली की एक छोटी बीप, हा रिवाज आहे, तुझ्या लक्षात राहिला, चांगलं झालं. पण बीप वाजते कशातून? स्पीकरमधून. त्या काळच्या पीसीच्या पेटीत तो असायचाच. तुझ्या कॅबिनेटबरोबर आला होता? नाही आला. बोर्डावरच्या त्या चार पिनांना तू काही जोडलंस? नाही जोडलंस. तोंड बांधलेला माणूस बोलत नाही म्हणून तू त्याला मेलेला ठरवलंस. ज्या गोष्टीची चाचणीच झाली नाही तिचा निकाल मला सांगू नकोस. इथेही नाही आणि उद्या नोकरीत साहेबासमोरही नाही.

आता तुझ्या खरेदीकडे येतो. आधी रॅमची नवी जोडी घेतलीस. का? ‘सगळे म्हणतात रॅमच असते.’ पुष्कळदा असते, खरं आहे. पुष्कळदा ती नीट बसलेलीच नसते. पण त्या वेळी डीरॅमचा दिवा लागून राहतो, आणि तुझं यंत्र तिथवर पोचलंच नव्हतं. शिवाय दोन कांड्या तू प्रोसेसरकडून पहिल्या आणि दुसऱ्या खाचेत घातल्यास. दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत घालायच्या असतात, मॅन्युअलमध्ये चित्र आहे. मॅन्युअल कुठे आहे? अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत. फोडलेलंही नाही. पेटीतली सगळ्यात उपयोगाची वस्तू तेवढी तू बंद ठेवलीस.

आणि धीर नाही. बटण दाबून जरा पडदा काळा दिसला की बटण धरून बंद. तुझ्या मागच्या बाकावरच्या मुलानं मागच्या सत्रात डीडीआर५ वालं यंत्र जोडलं, तोही हेच करत होता. डीडीआर५ ला पहिल्या वेळी रॅम जुळवून घ्यायला कधी कधी काही मिनिटं लागतात, पडदा तोवर काळाच असतो. तो दर वेळी मध्येच वीज तोडायचा आणि बिचारं यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. तुझं डीडीआर४ आहे, इतका वेळ लागत नाही, तरी पहिल्या वेळी हात मागे बांधून उभं राहायचं आणि दिवे बघायचे. बघणं हे काम आहे. हाताला काही करायला मिळालं नाही की तुम्हा मुलांना वाटतं वेळ फुकट चाललाय.

बरं, सीपीयूचा दिवा. त्याचं कारण मी तुझं यंत्र न बघता सांगू शकतो, कारण तू बोर्डाची पेटी बरोबर आणली आहेस. वाच तिच्यावरचं स्टिकर. ‘रायझन डेस्कटॉप ३००० रेडी.’ बी४५० चे बोर्ड २०१८ मध्ये आले. रायझनची ३००० मालिका २०१९ मध्ये. तुझा ५६०० आला एप्रिल २०२२ मध्ये. हा बोर्ड बनला, पेटीत गेला, तेव्हा तुझा प्रोसेसर बाजारात नव्हता. जुन्या स्टॉकमधला म्हणून स्वस्त मिळाला, तू खूश झालास. खाच तीच, एएम४. पिना त्याच, १३३१. बसतो, कुलूपही लागतं. पण त्या छोट्या प्रोसेसरला जे फर्मवेअर वाचायचं असतं ते या जुन्या बायोसमध्ये असणार कुठून? म्हणून पंखे फिरतात, लाल दिवा लागतो आणि पुढे काही नाही. बोर्ड गेलेला नाही. प्रोसेसर गेलेला नाही. दोघांची ओळख झालेली नाही.

हे काही गुपित नाही. प्रत्येक बोर्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावर यादी असते, कुठला प्रोसेसर कुठल्या बायोसपासून चालतो त्याची. एएमडीनं २०१८ मध्ये अशाच अडचणीत सापडलेल्यांना बायोस बदलण्यापुरता जुना प्रोसेसर उसना द्यायची सोय केली होती, इतकी ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. ती यादी वाचायला पाच मिनिटं लागतात. तू ती खरेदीच्या आधी वाचली नाहीस. खरेदीनंतरही नाही. गेमिंगचे बेंचमार्क मात्र तुला तोंडपाठ आहेत.

सीमॉस क्लिअर केलंस, सेल काढून रात्रभर ठेवलास. कशासाठी? त्यानं सेटिंग पुसली जातात. तारीख, वेळ, रॅमचा वेग, कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं ते. बायोसचा प्रोग्राम वेगळ्या फ्लॅश चिपमध्ये असतो, तो तसाच्या तसा राहतो. तीन व्होल्टचा तो गोल सेल काढून जुना बायोस नवा होत नाही. तू एक विधी केलास, व्हिडिओत होता म्हणून. उपाय करताना त्यानं नेमकं काय बदलतं हे माहीत नसेल तर तो करायचा नाही. आणि एकाच संध्याकाळी सीमॉस, रॅम आणि एसएमपीएस तिन्ही बदललंस! समज, यंत्र उठलं असतं. कशानं उठलं सांगितलं असतंस? उरलेल्या दोन वस्तूंचे पैसे का गेले, याचं उत्तर घरी काय दिलं असतंस? एक बदल, एक चाचणी, एक ओळ वहीत. फरक पडला नाही तर ती वस्तू होती तशी परत, आणि मग पुढची. कंटाळवाणं आहे, मला माहीत आहे. माझ्या हाताखाली शिकलेली जी मुलं आज मोठमोठी सर्व्हर रूम सांभाळतात ती हेच कंटाळवाणं काम करतात.

कूलरचंही ऐकलं मी. सरळ वर ओढलास, आणि थर्मल पेस्टला चिकटून प्रोसेसर कुलूप लागलेल्या सॉकेटमधून उपटून आला. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात हे तुला ठाऊक होतं. यंत्र थोडा वेळ चालवून पेस्ट कोमट करायची, कूलर डावीकडे उजवीकडे हलके फिरवायचा, सुटला की मग उचलायचा. कडेच्या रांगेतल्या दोन पिना वाकल्यात म्हणालास, मोडल्या नाहीत ना? मग त्या सरळ होतील. पण आता तू हात लावायचा नाहीस. भिंगाखाली मी लावीन.

हे सगळं एका बाजूला. माझा राग खरा कशावर आहे ते आता ऐक.

नवा एसएमपीएस आणलास. तो मॉड्युलर आहे, जुनाही मॉड्युलर होता. जुन्या केबली कॅबिनेटमध्ये मागून छान ओढून, टाय लावून बसवलेल्या होत्या. त्या काढायचा तुला कंटाळा आला. टोक नव्या एसएमपीएसच्या तोंडात बसलं, म्हणून तू त्याच ठेवल्यास. बसलं म्हणजे चालतं, हे कुठल्या पुस्तकात वाचलंस? केबलचं बोर्डाकडचं आणि डिस्ककडचं टोक सगळीकडे सारखं असतं, त्याला प्रमाण आहे. एसएमपीएसकडच्या टोकाला प्रमाण नाही. कुठल्या पिनेत बारा व्होल्ट, कुठल्या पिनेत पाच, कुठल्या पिनेत ग्राउंड, हे ज्यानं त्यानं आपल्या मनानं ठरवलेलं असतं. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही ते वेगळं असू शकतं. जिथे डिस्कला पाच व्होल्ट हवे होते तिथे बारा गेले असणार. ती फिरायची थांबली, आणि तू म्हणालास, ‘डिस्कपण खराब निघाली.’ खराब निघाली नाही. तू ती जाळलीस. हे वाक्य नीट म्हणायला शीक.

आणि ती डिस्क कुणाची? वडिलांच्या दुकानाच्या उधारीचा सगळा हिशेब तिच्यावर. दुसरी प्रत नाही. एकदाही न उठलेल्या यंत्राला घरातली एकमेव प्रत असलेली डिस्क जोडायची बुद्धी तुला झालीच कशी? बायोसचा पडदा बघायला डिस्क लागत नाही. एसएसडी लागत नाही, कीबोर्डसुद्धा लागत नाही. बोर्ड, प्रोसेसर, कूलर, रॅमची एक कांडी, तुझ्या बाबतीत ग्राफिक कार्ड, आणि एसएमपीएस. बस. बाकी सगळं, विशेषतः ज्याची भरपाई पैशानं होत नाही ते, टेबलापासून दूर. प्रोसेसर पुन्हा मिळतो. मेहनतीनं, वर्षानुवर्षं टाइप केलेला हिशेब मिळत नाही. तुझ्या वडिलांचे पैसे लोकांकडे अडकलेत आणि कुणाकडे किती हे आता त्यांना त्यांच्या आठवणीवर काढावं लागेल, याचा विचार केलास का? केला असतास तर खोलीत आल्यावर पहिलं वाक्य बोर्डाबद्दल नसतं.

एक गोष्ट आहे. डिस्कच्या खालच्या सर्किट बोर्डावर, वीज आत येते तिथे, पाच आणि बारा व्होल्टच्या वाटेवर संरक्षक डायोड असतात. व्होल्टेज जास्त आलं तर ते स्वतः शॉर्ट होतात आणि मार आपल्या अंगावर घेतात. नुसते तेच गेले असतील तर आतल्या तबकड्या शाबूत असतील, आणि शॉर्ट झालेला डायोड काढून, खात्रीच्या वीजपुरवठ्यावर डिस्क एकदा फिरवून हिशेब उतरवून घेता येईल. त्यापुढचं काही जळलं असेल तर त्याच मॉडेलचा दुसरा सर्किट बोर्ड लावून बहुतेक वेळा भागत नाही, कारण त्या त्या डिस्कची खास माहिती एका छोट्या चिपमध्ये असते आणि ती चिप उचलून नव्या बोर्डावर बसवावी लागते. म्हणून सांगतो, तिला आता कुठलीही वीज लावायची नाही. मित्राच्या कॉम्प्युटरला नाही, यूएसबीच्या केबलला नाही, ‘एकदा बघू’ म्हणूनही नाही. झाकणाचे स्क्रू तर उघडायचेच नाहीत, आत धूळ गेली की संपलं. मी उद्या मीटर लावून डायोड बघतो. शॉर्ट मिळाले तर आशा आहे. नाहीतर ती डेटा काढणाऱ्यांकडे जाईल आणि त्याचा खर्च तू सुट्टीत काम करून भरशील.

आणखी एक. बोलता बोलता तू हसत सांगितलंस, ‘कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, पण चप्पल घातली की नाही येत.’ हसू नकोस! त्या झिणझिण्यांचा अर्थ तुझ्या खोलीतल्या सॉकेटला अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या तोंडाशी गोंगाट गाळणारे दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून बॉडीला, एक न्यूट्रलकडून बॉडीला. अर्थिंग असलं तर ती बारीकशी गळती जमिनीत जाते. नसलं तर कॅबिनेटचा पत्रा निम्म्या व्होल्टेजवर, सुमारे ११५ व्होल्टवर तरंगत राहतो. करंट अगदी थोडा असतो म्हणून तू आज माझ्यासमोर उभा आहेस. पण आतलं एखादं इन्सुलेशन फाटलं, फेज पत्र्याला चिकटली, तर अर्थिंगशिवाय तो पत्रा सरळ २३० व्होल्टवर जातो, आणि तेव्हा चप्पल काय करणार? पावसाळ्यात ओल्या फरशीवर तुझी धाकटी बहीण त्या टेबलाशी अभ्यासाला बसते, हेही तूच सांगितलंस. आज घरी गेल्यावर त्या सॉकेटवर काही लावायचं नाही. वायरमनला बोलाव. समोरून बघताना उजवीकडे फेज, वरच्या मोठ्या भोकात अर्थ. फेज आणि अर्थमध्ये मीटरवर २३० च्या आसपास दिसलं पाहिजे, न्यूट्रल आणि अर्थमध्ये फार तर दोन-चार व्होल्ट. मीटर घेऊन तू त्याच्याशेजारी उभा राहा आणि आकडे लिहून आण.

जुना एसएमपीएस उघडून बघणार होतास ना? पिशवीत त्याचे दोन स्क्रू सैल दिसतायत. प्लग काढल्यावरही त्याच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे ते चारशे व्होल्ट शिल्लक राहू शकतात. शिकलेल्या माणसाखेरीज कुणी उघडायचा नाही, आणि तू अजून शिकलेला नाहीस. शिवाय त्याला काही झालेलंच नव्हतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तसे तुझे सगळे पैसे गेले. बिघाड नसलेल्या दोन वस्तू बदलल्यास, आणि ते करता करता दोन चांगल्या वस्तू बिघडवल्यास.

दुकानदाराबद्दल बोलायचं राहिलं. त्याच्या काउंटरवर चार गिऱ्हाइकांसमोर ‘खराब माल देता’ म्हणालास. तो बोर्ड त्यानं टेस्ट बेंचवर लावला, जुना प्रोसेसर घातला, डिस्प्ले आणून दाखवला. हे तूच मला सांगितलंस, आणि वर म्हणालास की त्यानं काहीतरी चलाखी केली असेल. अरे, त्यानं तुझ्या डोळ्यांदेखत रोगाचं निदान केलं! तोच बोर्ड, वेगळा प्रोसेसर, चालला. याच्यापुढे आणखी कुठला पुरावा हवा होता? तुला तो दिसला नाही कारण तुझं आधीच ठरलं होतं. त्याचं चुकलं असेल तर एवढंच की त्यानं तिथल्या तिथे बायोस नवा करून दिला नाही. पण तू भांडत होतास, त्यानं तरी का द्यावा?

तू हुशार आहेस म्हणून हे एवढं बोलतोय. सगळ्या जोडण्या स्वतः केल्यास, बोर्डाखालचे पितळी स्टँडऑफ बरोबर नऊच्या नऊ जागी लावलेस, एकही जादा नाही. फोटोत दिसतंय मला. प्रोसेसरची आठ पिनांची वायर ग्राफिक कार्डाच्या वायरीशी गल्लत न करता लावलीस. जोडताना तू शांत होतास आणि काळजी घेतलीस. यंत्र उठलं नाही त्या क्षणी घाबरलास, आणि घाबरलास ते लपवायला भराभर हात चालवायला लागलास. अडलेल्या यंत्रासमोर घाबरायला होतं. तेव्हा हात खिशात घालायचे आणि वही काढायची.

उद्या साडेनऊला प्रयोगशाळेत ये. बोर्ड, प्रोसेसर, कूलर, रॅमची एकच कांडी, ग्राफिक कार्ड, आणि नवा एसएमपीएस त्याच्या स्वतःच्या पेटीतल्या, त्याच्या स्वतःच्या केबलींसकट. कॅबिनेट आणू नकोस, बोर्ड आपण त्याच्या पुठ्ठ्याच्या पेटीवर ठेवून चालवू. अँटिस्टॅटिक पिशवीवर ठेवायचा नाही, तिचा बाहेरचा थर वीज वाहू शकतो. लॅबमधल्या जुन्या यंत्रात रायझन ५, २६०० आहे, तो घालून तू बोर्ड उठवशील आणि कंपनीच्या संकेतस्थळावरून तुझ्या बोर्डाचा, अगदी त्याच मॉडेलचा आणि त्याच आवृत्तीचा बायोस नवा करशील. पेनड्राइव्ह फॅट३२ करून आण. यंत्र यूपीएसवर लावू, बायोस लिहिताना वीज गेली तर तेव्हा मात्र बोर्ड खरंच जाईल. त्याआधी मी तुझ्या पिना सरळ करीन. मॅन्युअल रात्री वाच, पहिल्या पानापासून. मी विचारणार आहे.

परवा लॅमिंग्टन रोडला जा आणि त्या दुकानदाराची माफी माग. रॅम परत घे म्हणायचं नाही, नुसती माफी. त्यानं स्वतःहून घेतली तर घे.

आणि वडिलांना डिस्कचं आज रात्रीच सांग. उद्या मी डायोड तपासेपर्यंत थांबू नकोस. कदाचित हिशेब परत मिळेल, कदाचित नाही, पण तोवर गिऱ्हाइकांकडची बाकी कागदावर लिहून काढायला त्यांना सुरुवात करता येईल, आणि लिहायला तू त्यांच्याशेजारी बस.